स्वस्त जीपीएस यंत्रात नेमके स्वस्त काय असते?

गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवून ठेवायचे, पाच किंवा सात इंची पडद्याचे, एरवी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचे जीपीएस यंत्र ज्यांनी घेतले आहे, त्यांच्या तक्रारी बहुधा एकाच वाक्यात सांगितल्या जातात : ‘याचे जीपीएस चांगले नाही.’ नेमके काय झाले असे विचारले, की वेगवेगळ्या कहाण्या बाहेर येतात. कोणाच्या यंत्राने वाहतुकीला बंद झालेल्या पुलापर्यंत नेलेले असते, कोणाचे यंत्र ऐन दुपारी उन्हात आपोआप बंद पडलेले असते, कोणाला गाडी सुरू करून बराच वेळ झाला तरी पडद्यावर आपले स्थान दिसत नाही, तर कोणाचे यंत्र वळण मागे पडल्यावर ‘आता डावीकडे वळा’ असे सांगते. या चार घटनांची कारणे चार आहेत, आणि त्यांपैकी एकाचाच उपग्रहांशी खरा संबंध आहे. असे एक यंत्र मी स्वतः बराच काळ वापरत आलो आहे, नातेवाइकांची आणि मित्रांची काही यंत्रे दुरुस्तीच्या निमित्ताने हाताळली आहेत, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की स्वस्त यंत्रात उपग्रहांचे संदेश टिपणारा भाग हाच सर्वांत कमी काटकसरीचा असतो. काटकसर केलेली असते ती इतर ठिकाणी, आणि ती ठिकाणे माहीत असली तर निम्मा मनस्ताप टळतो.

उपग्रहांचा संदेश महागड्या आणि स्वस्त यंत्राला सारखाच मिळतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या या व्यवस्थेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाल्याचे जाहीर करण्यात आले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह स्वतःची वेळ आणि स्वतःचे स्थान अखंड सांगत असतात. गाडीतले यंत्र फक्त ऐकते, उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही, आणि म्हणूनच त्यासाठी वर्गणी किंवा मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी यांतील फरकावरून अंतर काढले जाते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या संदेशाच्या बाबतीत एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३०० मीटरची चूक, आणि गाडीतल्या यंत्राचे घड्याळ एवढे अचूक असणे शक्य नसते, म्हणून तीन उपग्रहांऐवजी किमान चार उपग्रहांची गरज पडते : स्थानाच्या तीन अज्ञात संख्या आणि घड्याळातील चूक ही चौथी. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखवलेले स्थान शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. ती चूक काढून टाकल्यानंतरच सामान्य गाडीत असे यंत्र बसवण्यात खरा अर्थ आला. आज मोकळ्या आकाशाखाली साध्यातली साधी चिपसुद्धा पाच-दहा मीटरच्या आत स्थान सांगते, आणि उरलेली चूक सॉफ्टवेअर झाकून टाकते, कारण ते बाणाला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवते. गाडी रस्त्याच्या मधोमध चाललेली दिसते ती या ओढून बसवण्यामुळे.

मग ‘सिग्नलच मिळत नाही’ ही तक्रार इतकी सार्वत्रिक का? याचे उत्तर उपग्रह किती सावकाश बोलतो यात आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट्स या गतीने पाठवतो, आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सुरुवातीपासून सांगितली जाते. ही माहिती साधारण चार तासच उपयोगी पडते. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायचे तर साडेबारा मिनिटे लागतात. रात्रभर बंद असलेले यंत्र सकाळी सुरू केले, तर त्याला निदान चार उपग्रहांची ताजी कक्षामाहिती खंड न पडता ऐकावी लागते. त्या अर्ध्या मिनिटात गाडी झाडांखालून किंवा इमारतींमधून गेली आणि एखादा तुकडा निसटला, की त्या उपग्रहापुरती पुढच्या फेरीची वाट पाहणे आले. आठवडेच्या आठवडे खणात पडून राहिलेल्या आणि बॅटरी पूर्ण उतरलेल्या यंत्राला तर आपण पृथ्वीवर कोठे आहोत आणि आता किती वाजले आहेत याचाही अंदाज नसतो, त्यामुळे कोणते उपग्रह शोधायचे इथपासून त्याची सुरुवात असते. मोबाइल फोन हीच माहिती नेटवर्कवरून क्षणात उतरवून घेतो. नामांकित कंपन्यांची यंत्रे काही दिवसांच्या कक्षा आगाऊ साठवून किंवा स्वतः गणित करून वेळ वाचवतात. स्वस्त यंत्रात ही सोय सहसा नसते. फरक आहे तो एवढाच, आणि तो पहिल्या काही मिनिटांपुरता आहे. यंत्र सुरू करून गाडी मोकळ्या जागी दोन मिनिटे उभी ठेवणे हा त्यावरचा उपाय इतका साधा आहे की तो सांगितल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. तळघरातल्या वाहनतळात यंत्र सुरू करून, लगेच गाडी बाहेर काढून, दाटीवाटीच्या रस्त्याला लागायचे आणि मग यंत्राला नावे ठेवायची, हा प्रकार मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता मी सर्वांत आधी हेच विचारतो.

सिग्नल अडण्याची दोन कारणे मात्र खरीखुरी असतात आणि ती यंत्राच्या बाहेरची असतात. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म थर किंवा काच तापवणाऱ्या बारीक तारा असतात. उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचेतो मुळातच अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि हा थर त्याला जवळजवळ संपवून टाकतो. अशा काचेत बहुधा आरशाच्या आसपास एक भाग थराविना सोडलेला असतो; यंत्र त्यामागे लावून पाहावे, किंवा यंत्राला बाहेरच्या अँटेनाची जागा असेल तर ती जोडावी. दुसरे कारण अधिक फसवे आहे. गाडीतला कॅमेरा किंवा लायटरच्या सॉकेटमध्ये बसवलेला स्वस्त यूएसबी चार्जर रेडिओलहरींचा एवढा गोंगाट करू शकतो की शेजारच्या यंत्राला उपग्रह ऐकू येत नाहीत. एका परिचितांनी यंत्र परत करण्याची तयारी केली होती. कॅमेऱ्याची तार काढल्याबरोबर उपग्रहांचे दांडे वर आले. यंत्राच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद दाखवणारा एक पडदा असतो. तो उघडून, एकेक उपकरण बंद करत ते दांडे पाहणे ही या बाबतीतली सर्वांत विश्वासार्ह तपासणी आहे.

उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि अंतर वाढलेले भासते, त्यामुळे बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो. हे महागड्या यंत्रातही होते, फक्त रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेइदौ हे उपग्रहही ऐकणाऱ्या चिपमध्ये ते कमी होते, कारण आकाशाच्या अरुंद पट्टीतही पुरेसे उपग्रह सापडतात. उड्डाणपुलाचा प्रश्न निराळा आहे. पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक असतात, आणि उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा नेहमीच कमी अचूक असते, त्यामुळे गाडी वर आहे की खाली हे यंत्राला खात्रीने कळत नाही. पुलावर चढण्याआधीची सूचना नीट ऐकून ठेवावी आणि पुलावर असताना यंत्र जे काही म्हणेल ते थोडे सबुरीने घ्यावे.

वेगाबद्दलची तक्रार तर उलटीच असते. यंत्र गाडीच्या काट्यापेक्षा कमी वेग दाखवते, म्हणून लोक यंत्राला दोष देतात. वस्तुस्थिती अशी आहे की गाडीच्या काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला दंडक आहे, म्हणून उत्पादक काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना यंत्राचा आकडा अधिक खरा असतो. वेग एकदम वाढवताना किंवा ब्रेक लावताना मात्र तो क्षणभर मागे राहतो.

जुन्या यंत्रांच्या मालकांना आलेला एक अनुभव मला विशेष उद्बोधक वाटतो. उपग्रहाच्या संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिट्समध्ये सांगितला जातो, म्हणजे तो १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. हा काटा पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये शून्यावर आला. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तरतूद नव्हती किंवा ज्यांना अद्यतन मिळाले नाही, त्यांची तारीख १०२४ आठवडे, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे मागे गेली. गंमत अशी की मार्गदर्शन बहुतेक वेळा चालूच राहिले. बिघडले ते दिवस-रात्रीनुसार बदलणारे पडद्याचे रंग आणि आधीच्या प्रवासांच्या नोंदी. काही चिपमध्ये उत्पादकाने ही मोजणी आपल्या सोयीच्या तारखेपासून धरलेली असते, त्यामुळे हाच बिघाड एखाद्या भलत्याच वर्षी अचानक उद्भवतो, आणि त्या वेळी निनावी कंपनीचा शोध घेऊनही ती सापडत नाही. पुढची पाळी २०३८ मध्ये आहे. तोवर आजची यंत्रे टिकली तर त्यांच्या मालकांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.

आता खऱ्या काटकसरीकडे वळू. पहिली काटकसर वीजपुरवठ्यात असते. या यंत्रांतली बॅटरी फार तर तासभर चालते आणि वर्ष-दोन वर्षांत काही मिनिटांवर येते. इंजिन सुरू करताना गाडीच्या बॅटरीचा दाब क्षणभर घसरतो, त्या वेळी यंत्र बंद पडू नये एवढ्यापुरतीच ती आहे असे समजून चालावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेमागचे तापमान इतके वाढते की लिथियम बॅटरीला ते अजिबात मानवत नाही. बहुतेक उत्पादक ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्जिंग करू नये असे सांगतात, आणि नेमके तेच आपण गाडी सुरू केल्याबरोबर करतो. बॅटरी फुगून पडदा पुढे आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. असे फुगलेले यंत्र लगेच वापरातून काढावे, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. एरवी, गाडी सोडताना यंत्र काढून आत सावलीत ठेवण्याची सवय चोरांपासूनही वाचवते.

वीजपुरवठ्यातली दुसरी भानगड तारेची आहे, आणि ‘यंत्र मेले’ असे वाटण्याचे हे बहुधा सर्वांत मोठे कारण असावे. जुन्या धाटणीच्या या यंत्रांना मिनी यूएसबीची जागा असते. सोबत आलेली गाडीची तार हरवली किंवा तुटली, की आपण घरातली कोणतीही तशी तार आणि फोनचा चार्जर लावतो. त्याबरोबर नकाशा नाहीसा होऊन पडद्यावर संगणकाशी जोडणी झाल्याचे चित्र येते आणि यंत्र काही केल्या पुढे जात नाही. यंत्र बिघडलेले नसते. मूळ तारेत एक जोडणी अशी केलेली असते की तिच्यावरून यंत्राला ‘ही फक्त वीज आहे’ हे कळते. साध्या तारेत ती नसते, म्हणून यंत्र स्वतःला संगणकाला जोडलेले समजते. काही यंत्रांत सेटिंग्जमधून हे बदलता येते, इतरांसाठी योग्य तारच घ्यावी लागते. शिवाय ती पुरेशी वीज वाहणारी असावी. पाच व्होल्टला दीड ते दोन अँपियर लागत असताना अर्धा अँपियर देणारा चार्जर लावला, तर यंत्र चालते, पण चालता चालता बॅटरी उतरत जाते आणि लांबच्या प्रवासात मध्येच अंधार होतो. लायटरचे सॉकेट सैल असेल तर खड्ड्यागणिक यंत्र ‘वीज गेली, बंद करू का?’ असे विचारत राहते. त्याचा खरोखर त्रास होतो.

पडद्याच्या बाबतीत अपेक्षाच बेताच्या ठेवाव्यात. पाच इंची यंत्रांत बहुधा ४८० गुणिले २७२ आणि सात इंचीत ८०० गुणिले ४८० बिंदूंचा पडदा असतो, आणि तो स्पर्शाने नव्हे तर दाबाने चालतो. फोनची सवय झालेल्या बोटांना तो मठ्ठ वाटतो, पण हातमोजे घालून किंवा पेनाच्या मागच्या टोकानेही तो चालतो ही त्याची जमेची बाजू आहे. एक अक्षर दाबले की शेजारचे उमटू लागले, तर सेटिंग्जमध्ये पडदा पुन्हा जुळवण्याची सोय असते. कोपऱ्यांतल्या फुल्यांवर दाबले, की काम झाले. उन्हात पडदा दिसत नाही ही तक्रार मात्र रास्त आहे आणि तिच्यावर उपाय नाही. चमक कमाल ठेवावी, यंत्र थोडे खाली आणि आडोशाला लावावे आणि कानांवर भर द्यावा. काचेवरून गळून पडणाऱ्या रबरी चकतीबद्दल एवढेच सांगतो की काच आणि चकती दोन्ही स्वच्छ पुसून, कोरड्या करून लावल्यास ती टिकते.

उशिरा येणाऱ्या सूचनेचे मूळ प्रोसेसरमध्ये आहे. उपग्रहांचे संदेश टिपणारी चिप सेकंदातून एकदाच स्थान देते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, आणि त्यात यंत्राने नकाशा नव्याने रेखाटायला आणखी एक-दोन सेकंद घेतले, तर पडद्यावरचा बाण प्रत्यक्ष गाडीच्या पन्नास मीटर मागे असतो. अनेक स्वस्त यंत्रे विंडोज सीई या जुन्या प्रणालीवर, १२८ किंवा २५६ मेगाबाइट एवढ्या तुटपुंज्या स्मृतीवर चालतात, आणि तरीही त्यांत त्रिमितीय इमारती, डोंगरांचा उठाव, प्रसिद्ध वास्तूंची चित्रे असा सगळा थाट भरलेला असतो, कारण विक्रीच्या चित्रांत तो छान दिसतो. तो थाट बंद करावा. नकाशा सपाट ठेवावा, इमारती आणि उठाव काढून टाकावेत, पेट्रोलपंप वगळता बाकीची चिन्हे लपवावीत. माझ्या यंत्रात एवढे केल्यावर सूचना वेळेवर येऊ लागल्या, आणि मार्ग चुकल्यावर नवा मार्ग शोधायला लागणारा वेळही डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. गाणी, चित्रपट, खेळ आणि एफएम प्रक्षेपक या सोयींकडे मी कधी वळलो नाही. त्या यंत्रावर असण्याचे कारण खोक्यावर छापता येणे हेच असावे.

आणि आता नकाशा. पैसे सर्वांत जास्त वाचवले जातात ते येथे, आणि मालकांचे सर्वांत मोठे नुकसानही येथेच होते. रस्त्यांचा नकाशा म्हणजे केवळ रेषा नव्हेत. कोणता रस्ता एकेरी, कोठे उजवीकडे वळायला बंदी, कोणत्या रस्त्यावर सर्वसाधारणपणे किती वेग शक्य, हे सर्व प्रत्येक तुकड्याला जोडलेले असते, आणि ते ताजे ठेवण्यासाठी माणसे आणि गाड्या सतत फिरवाव्या लागतात. बराच काळ जगभर हा उद्योग मुख्यतः नॅव्हटेक आणि टेली ॲटलस या दोन कंपन्यांच्या हातांत होता. २००८ मध्ये पहिली नोकियाने आणि दुसरी टॉमटॉमने घेतली. एवढ्या खर्चाने तयार झालेल्या नकाशाचा परवाना विकत घेऊनही यंत्र कवडीमोलाने विकणे कोणालाच परवडत नाही. म्हणून निनावी यंत्रांत एक तर जुनी आवृत्ती असते, किंवा विनापरवाना उतरवलेली प्रत असते, किंवा दोन्ही. अशा अनेक यंत्रांत हंगेरीतील एनएनजी या कंपनीचे आयगो हे मूळचे उत्तम सॉफ्टवेअर दिसते, पण ते त्या यंत्रात अधिकृतपणे आले आहे असे गृहीत धरू नये. अनधिकृत प्रतीला अधिकृत अद्यतन मिळत नाही, आणि विक्रेत्याचे ‘आयुष्यभर मोफत नकाशे’ हे आश्वासन त्या विक्रेत्याच्या दुकानदारीच्या आयुष्यापुरते असते. नामांकित कंपन्यांच्या बाबतीतही ‘आयुष्यभर’ म्हणजे यंत्राचे आयुष्य, आणि ते कधी संपले हे कंपनी ठरवते; ही अट बारीक अक्षरांत असते, पण असते.

म्हणून यंत्र हाती आल्यावर नकाशाच्या माहितीचा पडदा उघडून आवृत्तीचे वर्ष पाहावे, आणि आपल्याला पक्के माहीत असलेल्या, अलीकडे झालेल्या एखाद्या रस्त्याचा शोध घ्यावा. तो सापडला नाही, तर यंत्र परत करण्याची मुदत असतानाच निर्णय घ्यावा. ठेवायचे ठरले तर पुढचे काम म्हणजे यंत्राची संपूर्ण स्मृती आणि मेमरी कार्ड संगणकावर जशीच्या तशी उतरवून ठेवणे. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणून बहुतेक जण टाळतात. काही महिन्यांनी नकाशा बदलण्याच्या खटपटीत एखादी फाइल खोडली जाते, किंवा कार्ड खराब होते, आणि मग ‘नेव्हिगेशनचा मार्ग सापडत नाही’ (म्हणजे मार्गदर्शनाचे सॉफ्टवेअर ठरलेल्या जागी सापडत नाही) असा संदेश देणारे यंत्र घेऊन विक्रेत्याला शोधत फिरावे लागते. प्रत असेल तर पंधरा मिनिटांत यंत्र पूर्ववत होते. नसेल तर ते बहुधा कायमचे गेलेले असते, कारण त्या यंत्राला चालणारी नेमकी आवृत्ती पुन्हा मिळत नाही. नवे कार्ड घेताना क्षमतेच्या मोहात पडू नये. फार जुनी यंत्रे दोन गिगाबाइटच्या वरची कार्डे ओळखत नाहीत, त्यानंतरची बहुतेक ३२ गिगाबाइटपर्यंत थांबतात.

मार्ग विचित्र येण्याचे खापर पुष्कळदा नकाशावर फुटते, पण कारण सेटिंगमध्ये असते. ‘सर्वांत जवळचा’ हा पर्याय निवडला असेल, तर पन्नास मीटर वाचवण्यासाठी यंत्र हमरस्ता सोडून गल्लीबोळांतून नेणारच, कारण त्याला सांगितलेले काम ते प्रामाणिकपणे करते. ‘सर्वांत जलद’ हा पर्याय ठेवावा, आणि कच्चे रस्ते व बोटीने ओलांडायचे मार्ग टाळण्याच्या खुणा करून ठेवाव्यात. तरीही लक्षात ठेवावे की या यंत्राला आजची वाहतूक माहीत नसते. ‘जलद’ हे गणित रस्त्याच्या दर्जाला जोडलेल्या ठरीव वेगांवरून केलेले असते, म्हणून पोहोचण्याची वेळ शहरात नेहमी आशावादी निघते. घराचा क्रमांक टाकून शोधलेले ठिकाणही अंदाजाचे असू शकते. पुष्कळ नकाशांत रस्त्याच्या तुकड्याचा पहिला आणि शेवटचा क्रमांक एवढेच नोंदलेले असते, आणि मधले सगळे समान अंतरावर आहेत असे मानून जागा काढली जाते. जेथे क्रमांक रांगेने नाहीत तेथे ही पद्धत कोसळते. अक्षांश-रेखांश टाकून शोधण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते आणि ती फार कमी लोक वापरतात. आडगावच्या ठिकाणासाठी मी पत्त्याऐवजी तीच वापरतो.

फोन असताना हा सगळा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. २००९ मध्ये गूगलने वळणावळणाचे मार्गदर्शन फोनवर मोफत दिले तेव्हापासून या वेगळ्या यंत्रांची बाजारपेठ आटत गेली, आणि ज्याच्या फोनला बहुतेक वाटेवर नेटवर्क असते आणि ज्याला वाहतूककोंडीची बातमी हवी असते, त्याने स्वस्त यंत्र घेऊ नये असेच मी सांगेन. फोनवरही नकाशे आधी उतरवून ठेवता येतात, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी घडवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी मोफत ॲप्स नेटवर्कशिवाय उत्तम काम करतात. वेगळ्या यंत्राची बाजू घ्यावीशी वाटते ती काही मोजक्या परिस्थितींत : वाट दिवसभर नेटवर्कविना असेल, एकाच गाडीवर वेगवेगळे चालक बसत असतील, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरचे सततचे निरोप आणि उड्या मारणारे पडदे नकोसे होत असतील. माझ्या काकांनी फोनवरचे मार्गदर्शन एकदा पाहून सोडून दिले. यंत्रावर मात्र ‘घर’ हे बटण दाबले की परतीची वाट सुरू होते एवढे त्यांना पुरते, आणि ते यंत्र ते माझ्यापेक्षा अधिक निगुतीने वापरतात. अशांसाठी नवे निनावी यंत्र घेण्याऐवजी नामांकित कंपनीचे, नकाशाचे अद्यतन अजून चालू असलेले वापरलेले यंत्र पाहावे, असा माझा आग्रह असतो. त्याची बॅटरी गेलेली असली तरी ती बदलता येते, नकाशा मात्र सहजासहजी बदलता येत नाही.

एका बाबतीत मात्र मी ठामपणे नकार देतो, आणि ती म्हणजे अवजड वाहने. सात इंची स्वस्त यंत्रांच्या जाहिरातींत ‘ट्रकसाठी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि सेटिंग्जमध्ये वाहनाची उंची, रुंदी, वजन टाकण्याच्या चौकटीही असतात. पण पुलाखालची मोकळी उंची आणि रस्त्याची भारमर्यादा नकाशातच नोंदलेली नसेल, तर चौकटीत टाकलेल्या आकड्याची तुलना करायला यंत्राजवळ काहीच नसते, आणि ते काही न सांगता गाडीसाठीचाच मार्ग देते. याची परीक्षा सोपी आहे. उंचीची मर्यादा असलेला एखादा माहितीतला पूल घ्यावा, यंत्रात त्याहून मीटरभर जास्त उंची टाकावी, आणि पुलाच्या अलीकडून पलीकडे जाणारा मार्ग मागावा. यंत्राने वळसा घातला नाही, तर त्या यंत्राच्या भरवशावर ट्रक रस्त्यावर काढू नये.